कोल्हापूरचा हिवाळा आणि कॅमेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की माझ्याकडं येणारे प्रश्न बदलतात. पावसाळ्यात लोक धबधब्यांचे रस्ते विचारतात, थंडीत मात्र प्रश्न वेगळे असतात. धुकं कुठं मिळेल, पक्षी कुठं बसतात, मोबाईलवर जमेल का, पहाटे एकटं गेलं तर चालेल का. गेली बरीच वर्षं मी हिवाळ्यातल्या जवळजवळ सगळ्या सकाळी पंचगंगेच्या काठावर काढतो. त्यातून जे कळलं ते इथं एकत्र लिहून ठेवतोय.

आपल्याकडं बर्फ नाही, पानगळीचे लाल-पिवळे डोंगर नाहीत. मग हिवाळ्याचे फोटो काढायचे तरी कशाचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्याचं कारणही मला कळतं. हिवाळा म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ती चित्रं काश्मीरची नाहीतर परदेशी कॅलेंडरवरची. ती डोक्यात ठेवून कळंब्याच्या तलावावर गेलं तर तिथं काहीच नाही असं वाटणारच.

आपला हिवाळा वस्तूंवर कमी आणि उजेडावर जास्त दिसतो. उगवतीला उसाच्या पात्याची कडा सोन्यासारखी पेटते. नदीवर धुक्याचा थर गुडघाभर उंचीवर थांबतो. गुऱ्हाळाचा धूर वर न जाता आडवा पसरतो. गवताच्या काडीवर दव असतं, कोळ्याच्या जाळ्यात त्याच दवाची माळ झालेली असते. म्हशीच्या नाकातून वाफ निघते, आणि ज्या माळावर ऑगस्टमध्ये पाय रुतत होता तिथलं गवत वाळून तांबूस झालेलं असतं. हे सगळं दिवसातून तास-दीड तास असतं. नंतर ऊन चढतं आणि तोच माळ अगदी साधा दिसायला लागतो.

म्हणून माझा पहिला सल्ला जागेबद्दल नाही. घरापासून पंधरा-वीस मिनिटांवरची एकच जागा निवडा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथंच जा. दहा ठिकाणी एकेकदा जाऊन थंडी कळत नाही. एकाच बांधावर तीस वेळा गेलात की कोणत्या दिवशी धुकं दाटेल, सूर्य कोणत्या झाडाच्या डावीकडून वर येईल आणि खंड्या कोणत्या खुंटावर बसेल, हे आधीच कळायला लागतं. चांगला फोटो त्या ओळखीतून येतो.

हंगाम नेमका कधी सुरू होतो आणि कधी संपतो?

माझ्यासाठी तो त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे सुरू होतो. त्या पहाटे पंचगंगा घाट पणत्यांनी भरतो, पाणी संथ असतं आणि हवेत पहिला खरा गारठा जाणवतो. त्यानंतर नोव्हेंबर दवाचा, डिसेंबर-जानेवारी धुक्याचा आणि पक्ष्यांचा. जानेवारीच्या शेवटी आंब्याला मोहोर असतो, शाळू हुरड्याला आलेला असतो आणि सावर फुलायला लागते. फेब्रुवारीत सकाळ गार आणि दुपार तापलेली असते. तो फुलांचा महिना.

पहाटे किती वाजता पोहोचायचं? सात चालतील?

डिसेंबर-जानेवारीत सात म्हणजे सूर्य उगवायची वेळ. त्याच वेळी गाडी लावत असाल तर अर्धा कार्यक्रम संपलेला असतो. साडेसहाला जागेवर उभं असायला हवं.

थोडा हिशेब सांगतो, तो एकदा डोक्यात बसला की घड्याळ आपोआप जमतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापुरात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. सर्वांत लहान दिवस 22 डिसेंबरच्या आसपास असतो, पण सर्वांत उशिरा सूर्योदय होतो तो जानेवारीच्या मध्यात, सात वाजून पाच मिनिटांच्या आसपास. म्हणजे संक्रांतीनंतर दिवस मोठा होत असला तरी सकाळचा अंधार काही दिवस तसाच राहतो, आणि उशिरा उठणाऱ्यांना त्या आठवड्यात थोडी सवलत मिळते.

उगवल्यावर सूर्य आपल्याकडं तासाला साधारण 13 अंशांनी वर चढतो. त्यामुळं कोवळं, तिरपं, रंगीत ऊन जेमतेम अर्धा तास टिकतं. उत्तरेकडच्या थंड देशांतले लोक ‘सोनेरी तास’ म्हणतात, पण तिथं सूर्य खूप तिरका चढतो. आपल्याकडं तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून कोन आधी ठरवून ठेवावा लागतो.

हिवाळ्याचा एक फायदा मात्र दिवसभर मिळतो. मे महिन्यात आपल्या डोक्यावर अगदी काटकोनात येणारा सूर्य डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही 50 अंशांच्या वर जात नाही. सावल्या पायाखाली गोळा होत नाहीत, बाजूला पडतात. झाडाचं खोड, किल्ल्याची तटबंदी, नांगरलेलं रान या सगळ्याला दुपारीही थोडा उठाव राहतो. साडेनऊपर्यंत मी निर्धास्त काम करतो आणि संध्याकाळी साडेचारपासून पुन्हा.

सूर्य नेमका कुठून उगवणार हे आधी कसं कळेल?

मोबाईलवर ॲप आहेत, ती वापरा. पण साधा अंदाज असा: डिसेंबरच्या शेवटी सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, तो जवळजवळ 25 अंश दक्षिणेकडं सरकलेला असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण 10 अंश झाकते. पूर्वेपासून उजवीकडं अडीच मुठी मोजा. मावळतानाही तो तेवढाच दक्षिणेकडं, म्हणजे पश्चिमेपासून डावीकडं अडीच मुठींवर असतो.

धुकं कुठं मिळेल? काल पडलं होतं, आज नाही, असं का होतं?

आपल्याकडचं हिवाळी धुकं जमिनीतून निघाल्यासारखं दिसतं. रात्री आभाळ मोकळं असलं की जमिनीची उष्णता वर निघून जाते. तिच्यालगतची हवा गार होते, आणि त्या हवेत पुरेशी ओल असली व वारा पडलेला असला तर बारीक थेंब तयार होतात. गार हवा जड असल्यामुळं ती सखल जागी, म्हणजे नदीच्या पात्रात, ओढ्यात, पाणी पाजलेल्या उसात उतरून बसते. म्हणून धुक्याला चार गोष्टी लागतात: निरभ्र रात्र, पडलेला वारा, ओल आणि खोलगट जागा. आदल्या संध्याकाळी ढग असले किंवा वारं सुटलेलं असलं तर दुसऱ्या दिवशी निवांत झोपा. चांदण्या स्वच्छ दिसत असतील आणि रात्री दहालाच गाडीच्या सीटवर दव आलं असेल, तर गजर लावा.

आता जागा. माझी आवडती जागा म्हणजे नदीवरचे बंधारे. राजाराम बंधारा कोल्हापूरकरांना ठाऊक आहे तो पुराच्या आकड्यांमुळं. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा जिल्हा ते आकडे ऐकत असतो. त्याच बंधाऱ्यावर डिसेंबरच्या सकाळी जा. आपल्या भागातल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यात काढतात आणि पाऊस संपल्यावर पुन्हा घालतात, त्यामुळं हिवाळ्यात वरच्या अंगाला पाणी तुंबून अगदी संथ होतं. पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्याची वाफ गार हवेला लागते आणि पृष्ठभागावर धुराच्या वाती उठाव्यात तशा उठतात. सूर्य समोर ठेवून, पाण्याच्या जवळ बसून काढलात तर प्रत्येक वात वेगळी दिसते. ज्या पाण्याची ऑगस्टमध्ये धास्ती वाटते तेच पाणी असं शांत बघणं मला दरवर्षी गरजेचं वाटतं.

प्रयाग चिखलीचा संगम, आणि तिथून कासारी-भोगावतीच्या काठानं पसरलेली उसाची रानं ही दुसरी जागा. तिथं धुकं जास्त वेळ टिकतं. मात्र काठाची माती दवानं निसरडी होते आणि बंधाऱ्यावर कठडा असेलच असं नाही. अंधारात पाण्याच्या कडेला एकट्यानं जाऊ नका. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि स्वतःही पाळतो.

रंकाळ्यावर आता गर्दी झालीये. तिथं जाण्यात अर्थ आहे का?

आहे. फिरायला येणारी माणसं हा रंकाळ्याचा भागच आहे. सकाळी शालिनी पॅलेसच्या बाजूला उभं राहून शहराकडं बघा, ऊन समोरून पाण्यावर येतं आणि कानटोपी घातलेल्या माणसांच्या आकृत्या काठावरून सरकत जातात. संध्याकाळी चौपाटीकडून मावळती मिळते.

आणखी एक सांगावंसं वाटतं. आबालाल रहमान रंकाळा, कोटीतीर्थ आणि पंचगंगेच्या परिसरात हिंडून चित्रं काढत. 1931 मध्ये ते गेले, पण पाणी, झाडं आणि ओलसर हवा रंगवण्याची जी नजर त्यांनी या गावाला दिली ती अजून उपयोगी पडते. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे, तिथली निसर्गचित्रंही बघून या. कॅमेरा घेण्याआधी एक सकाळ चित्रांसमोर घालवलीत तर सावलीला रंग असतो हे कळेल.

धुक्यातले माझे सगळे फोटो राखाडी आणि मळकट येतात. काय चुकतंय?

तुमचं फारसं काही चुकत नाही, कॅमेऱ्याचा अंदाज चुकतो. समोर पांढरं जास्त असलं की कॅमेरा ते मध्यम करड्या छटेवर आणायला बघतो आणि फोटो काळवंडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक बाजूला अर्धा ते एक स्टॉप न्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). हिस्टोग्रामचा, म्हणजे पडद्यावरच्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर मधून उजवीकडं सरकला पाहिजे, पण उजव्या भिंतीला चिकटता कामा नये. सूर्य चौकटीत असेल तेव्हा याच्या उलट: तिथं थोडं कमी करा, नाहीतर सूर्याभोवतीचा सगळा रंग उडतो.

दुसरं, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची जुळवणी, ‘ऑटो’वर ठेवू नका. सकाळचा निळा किंवा पिवळा झाक हा त्याला दोष वाटतो आणि तो पुसून टाकतो. ‘डेलाइट’वर ठेवा, गारठा गार दिसेल आणि ऊन उबदार. फोकस धुक्यात भटकतो, तेव्हा एखाद्या खोडाच्या कडेवर किंवा नावेच्या काठावर फोकस धरा.

तिसरी गोष्ट मांडणीची. नुसतं धुकं हा विषय होत नाही. त्यात काहीतरी जवळचं, गडद आणि ओळखता येणारं हवं: बाभळीची फांदी, विजेचा खांब, सायकलवरून दूध घेऊन निघालेला माणूस. मागचं पुसट होत गेलं की खोली आपोआप येते.

माझ्याकडं फक्त मोबाईल आहे. जमेल का?

धुकं, दव, सूर्योदय, झाडं, पाणी हे सगळं जमेल. पक्षी जमणार नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मोबाईलवर तीन सवयी लावा. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा आणि बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. दोन बोटांनी झूम न करता पायानं पुढं जा. आणि काढण्याआधी लेन्स मऊ सुती कापडानं पुसा. खिशातल्या मोबाईलच्या लेन्सवर तेलकट थर असतोच, उन्हासमोर तो दुधाळ पडद्यासारखा दिसतो.

उसाची रानं आणि गुऱ्हाळं हा निसर्ग आहे का? तुम्ही त्यांचे इतके फोटो का काढता?

कोल्हापूरच्या थंडीतून ऊस काढला तर तिचा वासच जाईल. नोव्हेंबरपासून तोड सुरू होते, फड मोकळे होतात आणि जिथं महिनाभरापूर्वी हिरवी भिंत होती तिथून अचानक जोतिबाचा डोंगर दिसायला लागतो. मोकळ्या झालेल्या रानात बगळे उतरतात, कापशी घार एका जागी पंख मारत हवेत थांबते. माणसाच्या कामानं रान बदलतं आणि पाखरं त्या बदलामागं येतात. मला तरी यात निसर्ग कुठं संपला ते दाखवता येत नाही.

तुरा आलेला ऊस हा आपल्या थंडीचा सर्वांत देखणा विषय आहे. चंदेरी-जांभळट तुरे, मागून ऊन, आणि वाऱ्याची एक झुळूक. सूर्य तुऱ्याच्या बरोबर मागं ठेवा आणि पार्श्वभूमीला सावलीतला डोंगर किंवा झाडी घ्या, म्हणजे तुरा उजळून उठतो. पण बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ‘किती सुंदर दिसतंय’ म्हणण्याआधी एक लक्षात घ्या. तुरा आला की उसाची वाढ थांबते, जास्त दिवस उभा राहिला तर आत दशी पडते, म्हणजे ऊस पोकळ होतो, आणि वजन घटतं. तोडीला उशीर होत असेल तर त्या तुऱ्याकडं तो काळजीनं बघत असतो. आधी त्याच्याशी दोन शब्द बोला.

गुऱ्हाळात पहाटेच जा. काहिलीतल्या रसाची वाफ गार हवेत दाट दिसते आणि छपराच्या फटींतून आलेले उन्हाचे पट्टे त्या वाफेत उभे राहतात. एक्स्पोजर त्या पट्ट्यांवर धरा, बाकीचं काळोखात गेलं तरी चालेल. बाहेर चिपाडांचे ढीग, चुलवाणाचा जाळ, धुराड्यातून निघून जमिनीलगत पसरलेला धूर. थंडीत खालची हवा गार आणि तिच्यावरची उबदार असते, म्हणून धूर वर न जाता मधेच अडतो. दुपारी हाच धूर सरळ वर जाताना दिसेल.

गुळव्याच्या कामात मधे येऊ नका. रस उतरवायची वेळ क्षणांची असते आणि उकळत्या काहिलीजवळ पाय घसरला तर काय होईल हे सांगायला नको. ऊसतोड मजुरांचे फोटो काढताना तर आणखी जपा. बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ही कुटुंबं मुलाबाळांसह येतात, फडाच्या कडेला पालात थंडी काढतात. त्यांची पहाटेची शेकोटी तुमच्या फोटोत छान दिसते म्हणून न विचारता कॅमेरा रोखू नये. ‘दादा, काढू का एक फोटो?’ एवढं विचारा. नाही म्हणाले तर कॅमेरा खाली. हो म्हणाले तर पुढच्या खेपेला छापून नेऊन द्या. मी नेतो, आणि दिलेला फोटो ट्रॅक्टरच्या आरशाला लावलेला मी बघितलाय.

पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार: कशाला प्राधान्य द्यावं?

एकच सकाळ असेल तर पन्हाळा. शहरापासून साधारण 20 किलोमीटर. उंचावर असल्यामुळं चांगल्या दिवशी धुकं तुमच्या पायाखाली असतं आणि त्यातून टेकड्यांची डोकी वर आलेली दिसतात. उगवतीला सज्जा कोठीची बाजू, मावळतीला पुसाटी बुरूज. इथं रुंद लेन्सपेक्षा 70 ते 200 मिलिमीटरची लेन्स जास्त कामी येते, कारण ती दूरच्या डोंगररांगा एकावर एक रचल्यासारख्या जवळ आणते. प्रत्येक मागची रांग थोडी जास्त फिकी आणि निळी. हा गड 2025 पासून मराठा लष्करी भूप्रदेशांसोबत जागतिक वारशाच्या यादीत आहे. तटावर चढून दगड ढिले करू नका.

मसाई पठाराला लोक फुलांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जातात आणि नंतर विसरतात. डिसेंबरमध्ये तिथं वाळलेलं गवत, जांभ्याचा कातळ आणि आभाळ एवढंच असतं. मला ते फार आवडतं. मावळतीच्या उन्हात गवत पेटल्यासारखं दिसतं आणि वारं आलं की अख्खं पठार एका दिशेला वाकतं. शटर स्पीड मुद्दाम अर्ध्या सेकंदापर्यंत मंद करून, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून ते वाकणं पकडता येतं. वाळल्या गवतात काडी, सिगारेट, चूल काहीही पेटवू नका. वणवा लागायला एक ठिणगी पुरते, आणि त्यात जमिनीवर राहणारे पक्षी, सरडे, पुढच्या वर्षीचं बी सगळं जातं.

हिवाळ्यात नवीन पक्षी कोणते येतात?

सुरुवात धोब्यापासून करा. ओल्या दगडावर, बंधाऱ्याच्या भिंतीवर शेपटी खालीवर हलवत चालणारा सडपातळ पक्षी दिसला की थंडीचे पाहुणे आले म्हणायचं. पांढरा, करडा, पिवळा असे प्रकार आहेत. हिमालय आणि त्याही पलीकडून तो एवढासा जीव इथं येतो आणि आपल्या बंधाऱ्यावर किडे टिपत बसतो. उथळ तलावांवर थापट्या, तलवार बदक, भुवई बदक दिसतात. मोठ्या जलाशयांकडं चक्रवाकाची केशरी जोडी दिसली तर तो दिवस सार्थकी लागला, कारण त्यांची वीण लडाख-तिबेटच्या सरोवरांवर होते. शाळूच्या रानात भोरड्यांचे थवे, माळावर भोवत्या, कुंपणाच्या तारेवर गप्पीदास.

तांत्रिक भाग थोडक्यात. 300 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी लेन्स, बसलेल्या पक्ष्याला एकपाचशेचा (1/500 सेकंद) शटर, उडत्याला एकदोनहजार (1/2000). डोळ्यावर फोकस. आणि शक्य असेल तिथं जमिनीवर आडवं व्हा, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला या. उभ्यानं वरून काढलेला धोबी आणि झोपून काढलेला धोबी हे दोन वेगळे पक्षी वाटतात.

जवळ जाण्यासाठी पाठलाग करू नका. पक्ष्यानं खाणं थांबवून मान ताठ केली म्हणजे तुम्ही फार जवळ आलात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या आणि पुन्हा तेवढंच परत जायच्या पाखराला इथं अंगावर चरबी साठवायची असते. आपल्या एका फोटोसाठी त्याला दहादा उडवलं तर ती खर्ची पडते. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून बोलावणं मी करत नाही आणि सोबत येणाऱ्यांनाही करू देत नाही.

दवाचे आणि किड्यांचे फोटो कसे काढायचे?

थंडीत कीटक सकाळी गारठलेले असतात. त्यांचं शरीर उन्हावर चालतं, त्यामुळं सूर्य वर येईपर्यंत चतुर आणि फुलपाखरं काडीला धरून निश्चल असतात, कधी कधी अंगभर दवाचे थेंब घेऊन. दुपारी ज्या चतुराच्या मागं धावून दमायला होतं तो सकाळी साडेसहाला हातभर अंतरावर शांत बसलेला मिळतो. ट्रायपॉड, मॅक्रो लेन्स आणि श्वास धरून ठेवायची सवय एवढं पुरे. कॅमेरा त्याच्या अंगाला समांतर ठेवा म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं स्पष्ट येईल.

काही जण बाटलीनं पाणी फवारतात, किडा पकडून फ्रिजमध्ये ठेवतात आणि मग फोटो काढतात. हे करू नका. खरं दव आपल्याकडं फुकट आणि भरपूर आहे.

राधानगरी-दाजीपूरला हिवाळ्यात जावं का?

जावं, पण पूर्ण दिवस काढून. दाजीपूर 1958 मध्ये अभयारण्य झालं, 1985 मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य केलं, आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश आहे. थंडीत दाट झाडीतून उन्हाचे कवडसे खाली येतात, सड्यांवर, म्हणजे कातळाच्या मोकळ्या पठारांवर, सकाळी गवे बाहेर पडतात, शेकरू उंच फांद्यांवरून पळतं. वनविभागाची परवानगी आणि ठरलेली वाहनं यांच्याशिवाय आत जायचं नाही. ड्रोनचा विचारही नको.

गव्याबद्दल एक सांगतो. तो शांत दिसतो, पण एकटा नर असेल तर अंतर ठेवा आणि गाडीतून उतरू नका. अलीकडं गवे उसाच्या रानातून शहराच्या जवळपासही आलेले आहेत. तसा गवा दिसला तर मोबाईल काढून जमाव करू नका. घाबरलेल्या गव्याला पळायला वाट लागते. गर्दीनं ती बंद केली की माणसाचाही जीव जातो आणि गव्याचाही. वनविभागाला कळवा आणि लांब व्हा.

अंबाबाईच्या किरणोत्सवाचे फोटो काढता येतील का?

मंदिरात फोटो काढायला बंदी आहे, आणि ती पाळावी. पण हिवाळ्याचा उजेड शिकायचा असेल तर किरणोत्सवाइतका चांगला धडा नाही. 9, 10 आणि 11 नोव्हेंबर, नंतर 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी या संध्याकाळी मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागी आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचावीत अशी ती रचना.

तारखांची ही जोडी का, याचं उत्तर आकाशात आहे. 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या साधारण चाळीस दिवस आधी आणि चाळीस दिवस नंतर तो क्षितिजावर जवळपास एकाच ठिकाणी मावळतो. म्हणजे नोव्हेंबरात ज्या फांदीमागं सूर्य मावळताना चुकला, तोच फोटो जानेवारीच्या शेवटी पुन्हा मिळतो. मी माझ्या वहीत अशा जोड्या लिहून ठेवतो. वातावरणात ढग किंवा धुरकट थर असला तर किरणं फिकी पडतात, हेही तिथं उभं राहून कळतं. गर्दीत हात जोडून बघा, कॅमेरा घरी ठेवा.

रात्रीचं आकाश?

थंडीतलं आकाश पावसाळ्यानंतर धुतल्यासारखं असतं आणि मृग नक्षत्र, व्याध, रोहिणी, कृत्तिका सगळे एकत्र दिसतात. गगनबावड्याकडं शहराचा उजेड कमी होतो. 24 मिलिमीटरच्या लेन्सवर 20 सेकंदांपेक्षा जास्त वेळ शटर उघडं ठेवलंत तर तारे रेघा व्हायला लागतात. अमावास्येच्या जवळचे दिवस धरा. डिसेंबरच्या 13-14 तारखेच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो.

बरोबर काय न्यायचं? लेन्सवर सारखी वाफ येते.

कानटोपी, बोटं उघडी राहतील असे हातमोजे, टॉर्च, बसायला पोतं, थर्मासमध्ये चहा. बॅटरी खिशात अंगाजवळ ठेवा.

वाफ येते ती गार लेन्सला अचानक उबदार, ओलसर हवा लागल्यामुळं. एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला की हेच होतं. गाडीचा एसी बंद ठेवा आणि पोहोचल्यावर दहा मिनिटं बॅग बंदच असू द्या. लेन्स पुसत बसू नका, तापमान जुळलं की वाफ आपोआप जाते. गुऱ्हाळात शिरतानाही तसंच करा.

आईला गुडघ्यांमुळं बाहेर पडवत नाही, पण तिला फोटोंची फार आवड आहे. घरातून काही करता येईल?

नक्की येईल, आणि मावशींना माझा नमस्कार सांगा. पूर्वेची किंवा दक्षिणेची खिडकी असेल तर हिवाळ्यात ऊन घरात खोलवर येतं, कारण सूर्य दक्षिणेकडून तिरपा असतो. उन्हाळ्यात त्याच दक्षिणेच्या खिडकीत दुपारी ऊन आतच येत नाही. त्या पट्ट्यात चहाच्या कपाची वाफ, तुळशीच्या मंजिऱ्या, कुंडीतल्या शेवंतीचं फूल ठेवा आणि मागं गडद कापड धरा. दारातल्या शेवग्यावर सकाळी सूर्यपक्षी येतोच. रोज एकाच वेळी खिडकीतून पडलेल्या उन्हाचा एक फोटो काढायला सांगा, डिसेंबर ते फेब्रुवारी. तो पट्टा फरशीवरून कसा सरकत गेला हे शेवटी ओळीनं लावून बघा. माझ्या ओळखीच्या एका आजींनी असे फोटो काढले होते. त्यात त्यांच्या मांजराची बसायची जागाही उन्हाबरोबर सरकत गेलेली दिसते.

एडिटिंग किती करावं?

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढलं असेल तर उजेड, कॉन्ट्रास्ट, थोडा रंग जुळवावा. धुक्याच्या फोटोवर ‘डीहेज’ची पट्टी ओढून धुकंच काढून टाकू नका. आभाळ बदलणं, दुसरीकडचे पक्षी चिकटवणं, नसलेला सूर्य घालणं हे मी निसर्गचित्रणात मान्य करत नाही. बघणारा त्या फोटोवर विश्वास ठेवून त्या बांधावर जातो.

हंगाम संपला हे कसं ओळखायचं?

फेब्रुवारीत सावरीची लाल फुलं निष्पर्ण फांद्यांवर भरतात, पांगारा फुलतो, मागोमाग डोंगरउतारावर पळस. एकेका सावरीवर मैना, कावळे, भोरड्या, खारी सगळ्यांची सकाळी पंगत बसते, तेव्हा एकच झाड धरून दोन-तीन दिवस काढा. मार्चमध्ये आभाळ धुरकट होतं, दव थांबतं, बंधाऱ्यावरचा धोबी एक दिवस दिसत नाही. मी त्या तारखेची वहीत नोंद करतो, लेन्स साफ करून ठेवतो आणि ज्यांना फोटो द्यायचे कबूल केलेले असतात त्यांचे छापायला टाकतो, कारण तोडणी संपून टोळ्या गावी निघायच्या आत ते पोहोचवायचे असतात.